पाककलेचे प्रमाणपत्र : खर्च किती, कमाई किती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की 'शेफ कोर्स'च्या जाहिराती सर्वत्र दिसू लागतात. 'शंभर टक्के नोकरी' हे शब्द ठळक अक्षरांत असतात. फीचा आकडा मात्र बहुधा कार्यालयात गेल्यावरच कळतो. स्वयंपाकाचा व्यवसाय प्रतिष्ठेचा आहे आणि कष्टाळू माणूस त्यात वर चढू शकतो, याबद्दल दुमत नाही. परंतु आईचे दागिने गहाण ठेवून अथवा पतपेढीचे कर्ज काढून प्रवेश घेण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडणे हे पालकांचे व विद्यार्थ्यांचे कर्तव्य आहे. तो कसा मांडावा, हे येथे थोडक्यात पाहू.

शिक्षणाचे मार्ग

दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आय.टी.आय.) 'फूड प्रॉडक्शन' हा एक वर्षाचा व्यवसाय शिकता येतो. मात्र तो प्रत्येक आय.टी.आय.मध्ये नसतो. मुंबईत दादर येथील इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट ही १९५४ साली सुरू झालेली संस्था आहे. अशा केंद्रीय संस्थांसाठी राष्ट्रीय परिषदेने दहावीनंतरचा दीड वर्षाचा क्राफ्ट्समनशिप कोर्स आखला आहे. त्यात शेवटचे सहा महिने हॉटेलात प्रत्यक्ष काम करावे लागते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' ही अल्प मुदतीची विनाशुल्क योजनाही सुरू केली. यंदा तुकडी आहे की नाही, ते संस्थेत जाऊन विचारावे. या सर्वांखेरीज खाजगी संस्था आहेत. त्यांची फी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असते.

खरा खर्च

फी म्हणजेच खर्च, असे समजणे चुकीचे आहे. गणवेश, सुऱ्यांचा संच, सेफ्टी शूज, परीक्षा शुल्क व प्रवास हेही त्यात धरावे. सर्वांत मोठा खर्च मात्र पावतीवर दिसतच नाही. तो म्हणजे शिकण्याच्या काळात बुडालेली मजुरी. ज्या घरात मुलाच्या पगाराची वाट पाहिली जाते, त्या घराला हा खर्च पहिल्या महिन्यापासून जाणवतो.

त्याचप्रमाणे, नोकरी लागल्यावर मिळणारा सगळा पगार ही प्रमाणपत्राची कमाई नव्हे. प्रमाणपत्राशिवाय जे मिळाले असते ते वजा करून उरलेला फरक, तीच खरी कमाई.

एक नमुना हिशेब

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

एक मुलगा दुकानात महिना १०,००० रुपये मिळवू शकतो. त्याने दीड वर्षाचा स्वस्त कोर्स घेतला. फी व साहित्य ४०,०००, प्रवास २७,०००. पहिल्या बारा महिन्यांची बुडालेली मजुरी १,२०,०००. पुढील सहा महिने हॉटेलात ५,००० विद्यावेतन मिळाले, म्हणून त्या काळातील तूट ३०,०००. एकूण खर्च २,१७,००० रुपये.

आता कमाई. नोकरीत त्याला १५,००० मिळाले. तोपर्यंत दुकानातील पगारही ११,००० झाला असता, म्हणजे फरक ४,००० रुपयांचा. दोन वर्षांत ९६,००० वसूल झाले. पुढे बढती मिळून फरक ८,००० झाला, तर उरलेले १,२१,००० रुपये आणखी सुमारे पंधरा महिन्यांत निघतात. एकंदर सव्वातीन वर्षांत खर्च भरून आला. त्यापुढचा सर्व लाभ.

हाच कोर्स खाजगी संस्थेत अडीच लाख फी भरून केला आणि नोकरी तीच लागली, तर एकूण खर्च ४,२७,००० होतो आणि तो फिटायला जवळजवळ साडेपाच वर्षे लागतात. त्यातील दोन लाख जर ११ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर घेतले असतील, तर हप्ता महिना सुमारे ४,३५० रुपये येतो. पगारातील फरक ४,००० आणि हप्ता त्याहून अधिक! म्हणजे पहिली दोन वर्षे मुलगा शेफचा डगला घालूनही दुकानातल्यापेक्षा कमीच पैसे घरी आणील. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद पडली तशी वेळ आली, तर पगार थांबतो. कर्ज मात्र राहते.

पगाराची पायरी

मोठ्या हॉटेलात नवा माणूस 'कॉमी' म्हणून लागतो. तेथून डेमी शेफ, शेफ द पार्टी, सू शेफ अशा पायऱ्या आहेत. पहिली काही वर्षे दीर्घ पाळी, उभ्याने काम आणि सणासुदीला रजा नाही, हे ठरलेले. मूळ पगाराबरोबर जेवण, भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा मिळतो का, हेही मोजावे. वरच्या व्यवस्थापकीय जागांसाठी पदविका वा पदवी मागितली जाते. म्हणून नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून पुढील शिक्षण चालू ठेवणे हिताचे.

आपल्या मुलामुलींच्या दृष्टीने प्रमाणपत्राचे आणखी एक मोल आहे. घरगुती वा लग्नकार्यातील स्वयंपाकाचे काम ओळखीने मिळते आणि तेथे आडनाव विचारले जाते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. मोठ्या हॉटेलात भरतीच्या वेळी कागदपत्रे पाहून पदार्थ करवून घेतात. ज्याच्यामागे ओळख नाही, त्याला आत शिरण्यासाठी प्रमाणपत्र हाच आधार ठरतो. म्हणून ते घेऊच नये असे नव्हे. योग्य किमतीला घ्यावे.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. प्रमाणपत्रावर शासकीय मान्यता कोणाची? मान्यतेचा कागद दाखवा.

२. हा अभ्यासक्रम महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीच्या यादीत आहे काय? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती असली, तरी अमान्य कोर्सला ती लागू होत नाही.

३. आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष शेगडीपुढे काम मिळते?

४. प्रशिक्षण कोणत्या हॉटेलात? विद्यावेतन किती? मुलींसाठी रात्रीच्या पाळीनंतर घरी पोहोचण्याची सोय काय?

५. मागील वर्षीचे विद्यार्थी आज कोठे आहेत? त्यांपैकी दोघा-तिघांना प्रत्यक्ष भेटून पगार विचारावा.

या प्रश्नांची उत्तरे लेखी देण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तेथे पहिला हप्ताही भरू नये. आधी शासकीय संस्थेत अर्ज करावा आणि जागा न मिळाल्यासच खाजगी संस्थेचा विचार करावा. जमल्यास त्यापूर्वी दोन-तीन महिने एखाद्या हॉटेलात हेल्पर म्हणून काम करून पाहावे. भट्टीची धग सोसते की नाही, हे तेथे पगार घेऊन कळते; कोर्समध्ये तेच फी भरून कळते.