मनाचे नवीकरण आणि ईश्वरेच्छा : ‘स्मृतिचित्रे’च्या संदर्भात

मराठीत ‘ईश्वरेच्छा’ हा शब्द बहुधा दुःखाच्या प्रसंगी उच्चारला जातो. जे टाळता आले नाही ते स्वीकारावे, असा त्याचा रूढ आशय आहे. या अर्थाने ईश्वरेच्छेनुसार जगणे म्हणजे प्राप्त परिस्थितीपुढे मान तुकविणे होय. ख्रिस्ती परंपरेत मात्र ही संकल्पना ‘मनाचे नवीकरण’ या दुसऱ्या संकल्पनेशी जोडलेली असून त्यामुळे तिचा आशय पालटतो. हा पालट ध्यानात घेतल्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातील एका महत्त्वाच्या प्रकरणाचे वाचन कसे बदलते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

या विचाराचे मूलस्थान म्हणजे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातील दुसरे वचन. मूळ ग्रीक रचनेची तीन वैशिष्ट्ये येथे लक्षणीय आहेत. पहिले, रूपांतराविषयीचे क्रियापद आज्ञार्थी असूनही कर्मणी आहे. माणसाने स्वतःचे रूपांतर करावे असे नव्हे, तर ते होऊ द्यावे, असा त्याचा रोख आहे. शिवाय ते वर्तमानकाळी असल्याने ही क्रिया एकदाच घडून संपणारी नाही. दुसरे, ज्याचे नवीकरण व्हावयाचे तो ‘नूस’. आपल्या दर्शनपरंपरेत संकल्प-विकल्प करणारे ते मन आणि निश्चय करणारी ती बुद्धी, असा भेद केला जातो. त्या दृष्टीने ‘नूस’ हा शब्द मनापेक्षा बुद्धीला, किंबहुना विवेकाला अधिक जवळचा आहे. तिसरे, नवीकरणाचे फलित म्हणून जे क्रियापद येते ते ‘दोकिमाझेइन’, म्हणजे पारखणे. धातूचा वा नाण्याचा कस पाहण्यासाठीही ते वापरले जाई. तात्पर्य, ईश्वरेच्छा ही केवळ सोसण्याची गोष्ट न राहता नव्या विवेकाने पारखून आचरण्याची गोष्ट ठरते.

भाषांतराने या आशयावर काही प्रमाणात आवरण घातले आहे. ‘मेतानोइया’ या ग्रीक शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ विचारातील पालट असा आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ झाला. पश्चात्तापात मागून होणारा ताप आहे, दृष्टी पालटल्याची सूचना मात्र क्षीण आहे. परिणामी, जी घटना प्रामुख्याने आकलनाची आहे ती आपल्याला भावनेची वाटू लागते.

मराठी वाचकाला मनाशी संवाद अपरिचित नाही. रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’त भुजंगप्रयात वृत्तातील २०५ श्लोकांतून मनाला उपदेश केला आहे आणि ‘दासबोधा’त विवेकाला मध्यवर्ती स्थान आहे. रामदासांकडे मनाला समजावून वळविण्यावर भर आहे, तर पौलाकडे ईश्वरकृपेने होणाऱ्या रूपांतरावर. तथापि शुद्ध विवेकावाचून शुद्ध आचरण नाही, या मुद्द्यावर दोहोंची जवळीक आहे. आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही नारायण वामन टिळकांची भूमिकाही या जवळिकीच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. या दोन तारखांमधील अवधीत काय घडले, याचे उत्तर १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त मिळते. दीर्घ ताटातुटीनंतर पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले पाणी व स्वयंपाक वेगळा राखला होता. पुढे त्यांच्या मनात जातिभेदाविषयी विचार सुरू झाला. हे भेद देवाने निर्माण केलेले नसून माणसाने केलेले आहेत, या निष्कर्षाला त्या स्वतः पोहोचल्या आणि त्यांनी विटाळ पाळणे सोडले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी विवेक पालटला, मग आचरण पालटले आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला. देवाचे कोणते व माणसाचे कोणते, हा निवाडा म्हणजेच पौलाला अभिप्रेत असलेली पारख होय. ज्या रूढीला त्या तोवर धर्माज्ञा मानीत होत्या, तीच त्यांच्या कसोटीला उतरली नाही.

ही प्रक्रिया धर्मांतराने संपत नाही, हे टिळकांच्या चरित्रावरून दिसते. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची वेतनाची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. पूर्वी धर्म पालटला होता. आता त्या धर्मातील स्थिर व्यवस्थाही पारखली गेली.

‘स्मृतिचित्रे’ आपण प्रायः विनोद, करुणा आणि निर्व्याज शैली यांसाठी शिकवितो. ते गैर नाही. परंतु तेवढ्यावर थांबल्यास लक्ष्मीबाई केवळ पतीमागून जाणारी सोशीक स्त्री ठरतात आणि त्यांचे धर्मांतर हा पतिनिष्ठेचा एक प्रकार वाटू लागतो. त्यांच्या स्वतंत्र विचाराची नोंद त्यांनीच केलेली असताना असे वाचन त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. पतीच्या इच्छेला शरण जाणे आणि ईश्वराची इच्छा स्वतः पारखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हा भेद अध्यापनात स्पष्ट झाला पाहिजे.