जुन्या ट्रॅक्टरचा ताप

फरीदाबाद हे भारतीय ट्रॅक्टर-उद्योगाचे एक मूळ पीठ. १९५९ साली ‘आयशर’ने जर्मन सहकार्याने येथे ट्रॅक्टर तयार केला, १९७१ पासून एस्कॉर्ट्सच्या सहयोगाने ‘फोर्ड ३०००’ येथेच घडू लागला. आयशरचे इंजिन हवेने थंड होणारे, तर फोर्डचे पाण्याने. असे जुने ट्रॅक्टर या परिसरात अद्यापही राबताना दिसतात.

येथील शाखेत असताना पलवलकडील एक वयोवृद्ध खातेदार मुलासह नव्या ट्रॅक्टरच्या कर्जासाठी आले. ऐन मळणीत त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरचे पाणी उकळू लागले होते. मुलाने थर्मोस्टॅट काढून पाहिला. आता रेडिएटरला जास्त दाबाचे झाकण बसवावे, नाहीतर ट्रॅक्टर विकावा, असे त्याचे मत होते. वडील मात्र गप्प होते. पीककर्जाची बाकी माझ्यासमोर होती. मंजुरीपूर्वी एका जाणत्या मिस्त्रींना घेऊन मी शेतावर गेलो.

डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच कामी येते. जवळपास तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेल्यापैकी बहुतेक शीतन यंत्रणेला बाहेर टाकावी लागते. वाणिज्य शाखेच्या माणसाला हा ताळेबंद चटकन उमगला. खर्ची न पडलेली उष्णता इंजिनातच शिल्लक राहते!

मिस्त्रींनी एकेक कलम तपासले. थ्रेशर चालवताना ट्रॅक्टर एका जागी उभा असतो. वारा मिळतो तो केवळ पंख्याचा. त्यात रेडिएटरच्या पात्यांत भुसा दाटलेला आणि बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षाराचे पुट. दाब वातावरणाच्या दीडपट केला की पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते, हे खरे, “पण चौधरीसाहेब, जुने सांधे हा दाब सोसणार नाहीत. दुखणे तसेच राहील, फक्त उकळी उशिरा येईल,” ते म्हणाले. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही व झीज वाढते, म्हणून तोही परत बसवायला सांगितला.

मग खरी सुधारणा झाली. रेडिएटरच्या गाभ्यात नळ्यांची एक ओळ वाढवली, पंख्याभोवती पत्र्याचे कडे बसवले, पट्टा बदलला, पुढे काढता-घालता येणारी बारीक जाळी लावली आणि जड पाण्याऐवजी शुद्ध पाण्यात ग्लायकॉलयुक्त शीतक मिसळून भरले. जाळी रोज झाडायची, ही जबाबदारी मुलाने घेतली.

हा सारा खर्च नव्या ट्रॅक्टरच्या एका सहामाही हप्त्याहूनही कमी होता. कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला. त्या तिमाहीत माझ्या उद्दिष्टात एक ट्रॅक्टर कमी पडला. मात्र गहू घरात आल्यावर पीककर्जाची बाकी मुदतीत जमा झाली. भरणा करायला वडील स्वतः आले होते, त्याच ट्रॅक्टरवरून.