वॉफल
वॉफल : चौकटींची नक्षी असलेल्या, तापविलेल्या दोन लोखंडी साच्यांमध्ये दाबून भाजलेला यूरोपीय खाद्यपदार्थ. बेल्जियममधील ब्रूसेल्स प्रकारात यीस्टने फुगविलेले सरसरीत पीठ, तर ल्येझ प्रकारात साखरेचे खडे मिसळलेली घट्ट कणीक वापरतात. अमेरिकेत बहुधा बेकिंग पावडर घालतात. तेथे कॉर्नीलियस स्वार्टवाउट यांनी १८६९ मध्ये चुलीवरील साच्याचे एकस्व घेतले. तव्यावरील पॅनकेकपेक्षा वॉफलच्या पिठात लोणी अधिक असते. पीठ फार घोटल्यास ग्लुटेनामुळे पदार्थ चिवट होतो. थोड्या गुठळ्या राहिलेल्याच बऱ्या. रास्पबेरी किंवा ब्लूबेरी साखरेत शिजवून, गाळून पाक करतात. लिंबाच्या रसाने त्याचा तांबडा रंग खुलतो. गरम वॉफल एकावर एक रचल्यास वाफेने मऊ पडतात. म्हणून ते जाळीवर ठेवून पाक खातेवेळीच ओततात.