चाकाचे बोल्ट जाम होतात तेव्हा

सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांची सोयरीक सोलापूर, लातूर, नांदेडपर्यंत पसरलेली आहे. सणाला वा लग्नकार्याला मोटारीने निघावे, जहिराबाद मागे पडावे आणि हुमनाबादच्या अलीकडे चाक पंक्चर व्हावे, हे काही नवलाचे नाही. स्टेपनी असते, जॅक आणि पानाही असतो. परंतु चाकाचा बोल्ट मात्र तसूभरही हलत नाही. मुलाबाळांसह रात्री महामार्गाच्या कडेला अडकून पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. प्रसंगी ते जिवावरही बेतते.

बोल्ट जाम का होतो? आट्यांमध्ये पाणी शिरले की लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने आटे एकमेकांत घट्ट रुतून बसतात. ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे चाक आणि पोलादी बोल्ट यांच्यामध्ये ओल राहिली, तर झीज आणखी वेगाने होते. १३ आणि १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आपल्या शहरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचे इंजिन आणि आसने आपण दुरुस्त करून घेतो. चाकांच्या बोल्टांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुसरे कारण माणसाच्या हातचे आहे. पंक्चरच्या दुकानात हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने बोल्ट आवळले जातात. ती जरा अधिक वेळ दाबली, की घरच्या पान्याने ते सुटणे कठीण होते.

बोल्ट सोडवताना पहिला नियम हा, की चाक जमिनीवर टेकलेले असतानाच तो ढिला करावा. जॅकवर चढवलेल्या गाडीला जोराचा हिसका देणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. जमीन सपाट असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि दुसऱ्या चाकांना दगडांची अटक लावावी. बोल्टच्या डोक्यावर नीट बसणारा सहा कोनांचा पाना घ्यावा. सैल पाना कोपरे झिजवून टाकतो. पान्याचा दांडा डावीकडे आडवा धरून खाली दाबावा, म्हणजे शरीराचे वजन कामी येते. दांड्यावर लोखंडी नळी चढवली, तर तेवढ्याच बळाचा परिणाम वाढतो. पान्यावर उभे राहून उड्या मारणे मात्र टाळावे. पाना निसटला तर पाय मोडतो, न निसटला तर बोल्ट.

काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. तेव्हा जुनी गाडी असल्यास जोर लावण्यापूर्वी दिशेची खातरजमा करावी.

एवढ्यानेही बोल्ट हलला नाही, तर गंज सोडवणारे तेल आट्यांच्या तोंडाशी सोडून अर्धा तास थांबावे. ब्रेकच्या चकतीवर ते उडू देऊ नये. मग हातोडीने बोल्टच्या डोक्यावर नेमके ठोके द्यावेत. त्या कंपनाने गंजाची पकड तुटते. पुष्कळदा बोल्ट आधी किंचित आवळून मग उलट फिरवल्यास सुटतो. डोक्याचे कोपरे झिजलेले असल्यास, किंचित लहान मापाचा पाना त्यावर ठोकून बसवावा. आच देणे किंवा डोक्यावर नट वेल्ड करणे हे काम कुशल कारागिराकडेच सोपवावे, कारण उष्णतेने टायर फुटू शकतो. असा छळलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. राणीगंजच्या बाजारात नवा बोल्ट मिळतो. मात्र त्याची लांबी, आटे आणि डोक्याखालचा उतार जुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे.

पुन्हा बसवतानाही संयम हवा. आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. त्यांना ग्रीस लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु घर्षण घटल्याने तेवढ्याच जोराने बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितले नसल्यास आटे कोरडेच ठेवावेत. चार बोल्ट समोरासमोर, तर पाच बोल्ट एकाआड एक आवळावेत. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते १२० न्यूटन-मीटर इतकी आवळण पुरते. अर्धा मीटर लांबीच्या दांड्यावर सुमारे २० किलो भार दिला, की साधारण तेवढी होते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा आणि ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावा. सैल बोल्टही तितकाच घातक. धावत्या गाडीचे चाक निखळू शकते.

सर्वांत सोपा उपाय सावधगिरीचाच. दर पावसाळ्यानंतर घरच्या अंगणात, दिवसाउजेडी, चारही चाकांचा प्रत्येक बोल्ट एकदा सोडून पाहावा आणि योग्य मापाने आवळून ठेवावा. गाडी चालवणाऱ्या घरातील प्रत्येकाने, मुलीसुनांनीही, हे एकदा स्वतःच्या हाताने करावे. तासाभराचे हे काम आहे. आणि ज्याने ते केले, त्याच्या हाताला आपला पाना कितपत पुरतो, हे प्रवासाला निघण्यापूर्वीच ठाऊक असते.