गावकी, गिरणी आणि वसतिगृह

समाज कसा चालतो हे जाणायचे असेल, तर कोणाचे काम कोणी करायचे आणि त्याचा मोबदला कोणी ठरवायचा, एवढे पाहावे. सोलापूरच्या खेड्यापाड्यांत महारकीच्या वतनाने या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या देऊन ठेवली होती. सांगावा नेणे, सरकारी कामगाराच्या दिमतीस राहणे, मेलेली गुरे ओढणे; हाक आली की रात्रीअपरात्रीही जायचे. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुते. बलुते देणे गावाच्या मर्जीवर असल्याने हक्कदारच मिंधा राहिला. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजी अमलातही ही चौकट टिकवली.

१८७७ मध्ये सोलापुरात ‘जुनी मिल’ सुरू झाली आणि रोख मजुरीची वाट उघडली. रोख पैशाला जात नसते असे म्हणतात. ते अर्धेच खरे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले झाले, निदान कागदावर. परंतु हायस्कूल शहरात आणि घर खेड्यात. शहरात खोली मिळत नसे, खाणावळीत ताट मिळत नसे. मग खुल्या शाळेत पोहोचायचे कसे?

या व्यावहारिक प्रश्नाला बहिष्कृत हितकारिणी सभेने हात घातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. राहणे, जेवण, कपडे, लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला. नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले. विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही काढले. ज्यांना विद्येपासून दूर ठेवले, त्यांनीच हे नाव निवडावे, यात थोडी गंमत आहे.

वसतिगृहातला मुलगा म्हणजे गावकीच्या राबणुकीतून सुटलेले दोन हात. पुढे त्याला ठरीव पगार मिळाला, की घरच्यांना बलुत्यासाठी कोणाच्या दारी उभे राहण्याचे कारण उरत नसे. कायदा मात्र सावकाश आला. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मांडलेले वतन दुरुस्तीचे विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई कायदा १९५८ चा, म्हणजे वसतिगृह उघडल्यानंतर ३३ वर्षांनी झालेला. तोवर कित्येक घरांतील शिकलेली मुले गावकीच्या बाहेर पडलेली होती.