निरोगी बालकाची तपासणी आणि मातेची भाषा

आजारी मूल वैद्याकडे नेणे ही सर्वांच्या परिचयाची गोष्ट आहे; परंतु जे मूल हसते, खेळते, अंगावर पिते, तेही ठरावीक दिवशी तपासून घ्यावयाचे, ही कल्पना त्या मानाने अलीकडची होय. तिच्यामागील तत्त्व साधे आहे. बालकाची वाढ एका दिवसाच्या अवस्थेवरून नव्हे, तर दोन अवस्थांमधील अंतरावरून ओळखावयाची असते. चार महिन्यांचे मूल आज सहा किलो भरले, एवढ्यावरून ते नीट वाढत आहे की मागे पडत आहे, हे ठरत नाही. महिन्यापूर्वी ते किती भरले होते, हे कळावे लागते.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील, दौंड-कुर्डुवाडी लोहमार्गावरील जेऊर हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. अशा गावी पहिली तपासणी बहुधा घरातच होते. 2011 पासून देशभर लागू झालेल्या योजनेनुसार रुग्णालयात जन्मलेल्या बालकाकडे ‘आशा’ कार्यकर्तीने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जावयाचे असते; घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. या योजनेस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याचा आधार आहे. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतल्यास त्यांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटतात, असा तेथील निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाला. 2018 पासून 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यांतील भेटींची त्यात भर पडली. लसीकरणाच्या व अंगणवाडीतील वजनाच्या वेळा याखेरीज आहेतच.

या भेटींत दोन प्रकारचे ज्ञान गोळा होते. पहिले काट्याचे व फीतीचे. जन्मानंतर प्रथम थोडे घटलेले वजन साधारण दहाव्या दिवसापर्यंत भरून येते, पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. हे ज्ञान अंकांत मांडले जाते आणि त्याला भाषेची फारशी गरज पडत नाही. दुसरे ज्ञान मात्र मातेच्या उत्तरांतून मिळते, आणि येथे प्रश्न आरोग्यशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही होतो.

हालचालींच्या बाबतीत मराठी मोठी नेमकी आहे. मान धरणे, कुशीवर वळणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे, पाऊल टाकणे: ही क्रियापदे वाढीच्या पायऱ्याच होत. ‘बाळाने मान धरली’ या वाक्यात कर्ता बाळ आहे आणि क्रिया पूर्ण झालेली आहे. ऐकणाऱ्यास संदेह उरत नाही.

वाणीच्या बाबतीत ही नेमकी भाषा साथ देत नाही. पाळण्यातले तीन महिन्यांचे मूल ‘आ’, ‘ऊ’ असे स्वर काढू लागले, की घरातील माणसे कौतुकाने ‘बाळ बोलते’, ‘गप्पा मारते’ असे म्हणतात. त्यामुळे ‘बाळ बोलते का?’ या प्रश्नास माता प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणते. परंतु जन्मतः बधिर असलेले मूलही प्रारंभी असे स्वर काढते. भेद पुढे दिसतो. ऐकू येणारे मूल साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी व्यंजनयुक्त अक्षरे ओळीने उच्चारू लागते. बधिर मुलात हा टप्पा लांबतो. रोमान याकोबसन यांनी 1941 मध्ये बडबड आणि भाषा यांत खंड मानला होता. नंतरच्या निरीक्षणांनी मात्र बडबडीतील ध्वनीच पहिल्या शब्दांत उतरतात, असे दाखविले. म्हणजे बडबडीचा अभाव ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

येथे विलंब महाग पडतो. पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिला आहे. कारण सहा महिन्यांच्या आत ज्यांचे बधिरत्व ओळखले गेले, त्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षा सरस आढळली आहे. चाचणीचे यंत्र जेथे जवळ नाही, तेथे योग्य प्रश्नाचे महत्त्व अधिकच वाढते. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या घरगुती समजुतीने वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात.

आणखी दोन अडचणी आहेत. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते व काही महिन्यांनी बाळासह सासरी जाते. भेटींची साखळी नेमकी तेथे तुटते. तसेच उसाच्या हंगामात येणाऱ्या तोडणी कामगारांत गोरमाटी बोलणारी बंजारा कुटुंबेही असतात. प्रमाण मराठीतील प्रश्न त्यांच्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचेलच असे नाही. बाळासोबत जाणारे माता-बाल संरक्षण कार्ड वजन आणि लसी यांची नोंद पुढे नेते. मातेने काय सांगितले, हे मात्र विचारणाऱ्याबरोबर मागे राहते.

तेव्हा प्रश्नाची रचनाच बदलणे इष्ट ठरेल. ‘बोलते का?’ याऐवजी ‘कोणते आवाज काढते, ते करून दाखवा’ असे म्हणावे, ‘ऐकते का?’ याऐवजी ‘पाठीमागून हाक मारली, तर वळून पाहते का?’ असे विचारावे. माता मग मत न सांगता आपण काय पाहिले ते सांगते. बोलींतील अशा वर्णनशब्दांचा संग्रह करणे, हे काम भाषेच्या अभ्यासकांना करता येण्याजोगे आहे, आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या ते प्रत्यक्ष उपयोगी पडेल.