दिंडीची शिस्त

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर लाखो माणसे आळंदीहून पंढरपूरला पायी जातात, पण ती जमाव म्हणून चालत नाहीत. बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या दिंडीचे, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटाचे, असतात आणि दिंडीला क्रमांक असतो. पालखीच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे. दिंडीतही जागा ठरलेल्या : पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणेकरी, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. टाळकऱ्याचे पाऊल चुकले तर शेजारच्याला ते लगेच कळते. ओळखीच्या माणसांची ही नजर पहाऱ्यापेक्षा अधिक काम करते.

या सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. ते पूर्वी शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करी तळाचे वळण वारीत आजही दिसते. पहिल्या कर्ण्याला सामान बांधायचे, दुसऱ्याला तयार व्हायचे, तिसऱ्याला निघायचे.

औपचारिक व्यवस्थेची खरी ताकद मात्र संध्याकाळच्या समाज आरतीत कळते. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळमृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतो आणि एवढा समुदाय क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तेवढ्या तिनेच टाळ वाजवत राहायचे. चोपदार तिथे जातो, म्हणणे ऐकतो, सगळ्यांसमोर निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. गाऱ्हाणे मांडायला अशी मानाची जागा असल्यामुळे रागाला भांडणाचे रूप घ्यावे लागत नाही. इतकी साधी आणि इतकी शहाणी रीत क्वचितच कुठे सापडेल.

पण गट जोडतो तसा वेगळाही काढतो. लेखिका इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीचे वर्णन केले आहे. ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकच अभंग गात चालत, जेवणाच्या पंगती मात्र निराळ्या. हे त्यांना फार लागले. एकमेकांना माऊली म्हणून पाया पडणारी माणसे स्वयंपाकापाशी वेगळी होत, कारण भजनाचे नियम दिंडीने घातलेले होते आणि चुलीचे नियम प्रत्येकाने आपल्या घरून, जातीतून आणलेले होते.